हसणाऱ्याची जागा : मूकपटातील प्रेमिकाची फजिती आणि औचित्याचा प्रश्न

शृंगारापासून हास्याची उत्पत्ती होते, शृंगाराची अनुकृती म्हणजे हास्य, असे भरताने सांगितले. अभिनवगुप्ताने हा धागा पुढे नेताना अधिक कठोर भूमिका घेतली. रती एकपक्षीय असेल, अस्थानी असेल, तर तिचा शृंगार होत नाही. शृंगाराचा आभास होतो आणि त्याची परिणती हास्यात होते. सीतेवर अनुरक्त झालेला रावण हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. ज्याला प्रेमाचा अधिकार नाही तो प्रेम करू लागला की हसू येते, असा या विवेचनाचा रोकडा अर्थ. रावणापुरता हा निवाडा कोणालाही मान्य होईल. परंतु हा अनधिकारी म्हणजे लंकाधिपती नसून फाटक्या विजारीतला एखादा भणंग असेल, शिंप्याच्या दुकानातला तोतरा उमेदवार असेल, तर अनौचित्य नेमके कोणाचे? प्रेम करणाऱ्याचे, की त्याला अपात्र ठरवणाऱ्या व्यवस्थेचे? आणि याचा निर्णय लागण्याआधीच जो हसून मोकळा झाला, त्याच्या हसण्याचे नैतिक मोल काय?

विनोदाची मीमांसा बहुधा हास्यविषयाभोवती फिरते. माणूस कशाला हसतो, का हसतो, याची चर्चा विपुल आहे. हसणारा कोठे उभा राहून हसतो, या प्रश्नाकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. हा प्रश्न एका अल्पायुषी कलाप्रकाराने, तोही सिद्धान्ताचा कोणताही आव न आणता, मांडून ठेवलेला आहे. अमेरिकन मूकपटांच्या अखेरच्या दशकात जी धसमुसळी प्रेमकथा घडली, तिच्याकडे रम्य जुन्या गमतीचा नमुना म्हणून पाहण्याची सवय झालेली आहे. ती गंमत रम्य आहे यात शंका नाही. परंतु तिच्या मोहकतेचे मूळ भाबडेपणात नाही. त्या पटांना स्वतःच्या प्रेक्षकाविषयी जी शंका आहे, तिच्यात ते आहे.

‘स्लॅपस्टिक’ हा शब्द मुळात एका वस्तूचा आहे. इटलीतील ‘कोमेदिया देल्लार्ते’ या नाट्यप्रकारात विदूषकाच्या हाती दोन पातळ फळ्या जोडून केलेली काठी असे. तिचा फटका मोठ्याने वाजे, लागे मात्र फारसा नाही. आवाज आणि इजा यांतील ही तफावत म्हणजे त्या विनोदाचा नैतिक परवानाच होता. मार खाणाऱ्याला लागत नाही हे ठाऊक असल्याने प्रेक्षक निर्धास्तपणे हसू शकत असे. मूकपटात ही काठी उलटी झाली. आवाज नाहीसा झाला आणि इजा खरी झाली. ‘शेरलॉक ज्युनियर’च्या (१९२४) चित्रीकरणात पाण्याच्या लोंढ्याखाली आदळून बस्टर कीटनच्या मानेचे हाड मोडले, आणि ते मोडल्याचे त्याला कित्येक वर्षांनी क्ष-किरण तपासणीत कळले. हॅरल्ड लॉइडने १९१९ मध्ये एका नकली समजल्या गेलेल्या बॉम्बच्या स्फोटात उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गमावली होती. ‘सेफ्टी लास्ट’मधले (१९२३) घड्याळाच्या काट्याला लोंबकळणे हे कृत्रिम बोटांच्या हातमोज्यातले लोंबकळणे आहे. या गोष्टी पटाबाहेरच्या आहेत हे खरे. तथापि पडणारा देह खरोखर पडतो आहे, ही जाणीव पडद्यावरील प्रत्येक चौकटीत आहे, आणि ती जाणीव असूनही हसू थांबत नाही.

अन्रि बेर्गसाँने १९०० साली प्रसिद्ध झालेल्या हास्यविषयक ग्रंथात म्हटले की हसण्यासाठी हृदय क्षणभर बधिर व्हावे लागते. सहानुभूती जागी झाली की हसू मावळते. हे सूत्र खरे मानले तर धसमुसळा विनोद आणि प्रेमकथा यांचा संयोग जवळजवळ अशक्य ठरतो. कारण प्रेमकथेची पहिली अट म्हणजे प्रेक्षकाचे हृदय जागे असणे. प्रत्यक्षातही हा संयोग विरळाच. मॅक सेनेटच्या कीस्टोन कंपनीच्या पटांमध्ये प्रेयसी हे पाठलाग सुरू करण्याचे निमित्त असते, आणि पाठलाग रंगात आला की तिची आठवण कोणालाच राहत नाही. दुसऱ्या टोकाला एर्न्स्ट लुबिचची ‘द मॅरेज सर्कल’सारखी (१९२४) दिवाणखान्यातील नागर सुखात्मिका, तिथे प्रेम आहे, मत्सर आहे, पण कोणी जिन्यावरून गडगडत येत नाही. एकाच माणसाने एकाच क्षणी पडावेही आणि प्रेमही करावे, आणि प्रेक्षकाने दोन्ही गोष्टी पुरेपूर अनुभवाव्यात, असे फार थोड्या पटांत घडले. मराठी वाचकाला या ठिकाणी न. चिं. केळकरांच्या ‘सविकल्प समाधी’ची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९२१ च्या बडोदे येथील अध्यक्षीय भाषणात केळकरांनी वाङ्मयानंदाची जी उपपत्ती मांडली, तिच्यात परकायाप्रवेश आणि स्वत्वाचे भान ही दोन्ही एकाच वेळी टिकतात. बेर्गसाँच्या मते जे एकमेकांना मारते, ते केळकरांच्या मते एकत्र नांदू शकते. मात्र केळकरांची समाधी सुखाची आहे. मूकपटाने तिच्यात थोडी टोचणी मिसळली.

ही टोचणी कशी मिसळली जाते, ते पाहण्यासाठी हॅरल्ड लॉइडचा ‘गर्ल शाय’ (१९२४) हा पट उपयोगी आहे. त्याचा नायक छोट्या गावातील एका शिंप्याचा उमेदवार. स्त्रियांसमोर त्याची बोबडी वळते, तो अडखळतो. शिट्टी ऐकली तरच त्याची जीभ सुटते. आणि हाच माणूस रात्री जागून स्त्रीवशीकरणाचे गुपित सांगणारा ग्रंथ लिहितो! त्या ग्रंथातील कल्पित प्रकरणे पडद्यावर साकार होतात, त्यांत तो निष्ठुर आणि विजयी असतो. लेखन आणि जीवन यांतील ही दरी पाहून प्रेक्षक हसतो, आणि मनमुराद हसतो. पुढे नायक हस्तलिखिताचे काय झाले ते पाहायला प्रकाशकाच्या कचेरीत जातो. तिथली सगळी मंडळी ते वाचून हसत असतात, आणि त्याच्या तोंडावर हसतात. लॉइड या प्रसंगात काही वेगळे करत नाही, फक्त कॅमेरा नायकाच्या चेहऱ्यावर थोडा अधिक वेळ ठेवतो. अर्धा तास प्रेक्षक ज्या गोष्टीला हसला, नेमक्या त्याच गोष्टीला कचेरीतील लोक हसत आहेत. हस्तलिखित तेच, हास्यास्पदता तीच. तरीही ते हसणे क्रूर दिसते. आपले हसणे तेवढे निरागस होते, असा दावा प्रेक्षकाने कशाच्या बळावर करायचा?

या अपमानातून नायक जो निष्कर्ष काढतो तो अधिकाराच्या भाषेतला आहे. ग्रंथ छापला जाणार नाही, म्हणजे पैसे नाहीत, म्हणजे श्रीमंत घरच्या मेरीवर आपला हक्क नाही. सबब आपण तिच्याशी केवळ पुस्तकातील एका प्रकरणाची सामग्री म्हणून वागलो, असे तो तिला खोटेच सांगतो. स्वतःच्या प्रेमाला तो स्वतःच आभास ठरवतो. पुढे प्रकाशक त्याच ग्रंथाला मूर्खाची रोजनिशी म्हणून विनोदी पुस्तकाच्या रूपात छापायचे ठरवतो आणि तीन हजार डॉलरांचा धनादेश पाठवतो, हा उपरोध तर विलक्षणच आहे. प्रेमिकाचे हसे बाजारात विकले जाते आणि त्याच पैशाने तो विवाहाला पात्र ठरतो! लॉइडच्या भांडवलशाही आशावादाविषयी बरेच लिहिले गेले आहे. या एका धनादेशाने त्या आशावादाला किती बारीक चीर पडते, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही.

याच पटात मूकत्वाचाही एक सूक्ष्म उपयोग आहे. मूकपटात सारेच मुके; त्यामुळे तोतरा तिथे अपवाद ठरत नाही. बोलक्या माणसांचे शब्दही प्रेक्षकाला पाटीवरच वाचावे लागतात. अखेरीस मेरीचे लग्न एका आधीच विवाहित असलेल्या लबाडाशी लागत असताना नायक मोटार, ट्रॅम, घोडा असे जे मिळेल त्यावरून धावत तिथे पोचतो, आणि सांगायची गोष्ट त्याच्या तोंडून काही केल्या बाहेर पडत नाही. तेव्हा तो तिला सरळ खांद्यावर टाकून घेऊन जातो. स्त्रीला गाठोड्यासारखे उचलण्याविषयी आज आक्षेप घेता येईल आणि तो रास्तही आहे. परंतु या प्रकाराच्या तर्कात त्या कृतीचे स्थान काय, हेही पाहिले पाहिजे: शब्दाने जे सिद्ध करता येत नाही ते देहाने, धापा टाकत, हास्यास्पद होऊन सिद्ध करायचे.

कीटनच्या ‘सेव्हन चान्सेस’मध्ये (१९२५) हा तर्क अधिक कोरडेपणाने येतो. आरंभी चार ऋतूंची चार दृश्ये आहेत. नायक प्रत्येक ऋतूत प्रेयसीच्या दाराशी उभा. मनातले सांगू पाहतो आणि सांगू शकत नाही. शेजारचे कुत्र्याचे पिलू मात्र दर दृश्यात वाढत वाढत भले मोठे कुत्रे होते. मौनाचा कालावधी इतक्या थोडक्यात क्वचितच मोजला गेला असेल. पुढे सत्तावीसाव्या वाढदिवशी संध्याकाळी सातच्या आत लग्न केले तर सत्तर लाख डॉलर मिळणार असे कळते. तो धावत मेरीकडे जातो, ती होकार देते, आणि मग तो बोलण्याची चूक करतो: आज कोणाशी तरी लग्न केलेच पाहिजे, असे तिला सांगून बसतो. ‘कोणाशी तरी’ या दोन शब्दांत प्रेम संपते. त्यानंतर क्लबातील एकेका स्त्रीला तो मागणी घालतो, तेव्हा आजूबाजूच्या बायका त्याला हसतात. सज्ज्यात बसलेल्या एकीकडे तो चिठ्ठी पाठवतो आणि तिचे कपटे त्याच्या डोक्यावर बर्फासारखे भुरभुरतात. कीटन स्वतः कधीच हसत नाही. त्यामुळे पटातील हसणारे आणि पटाबाहेरचे हसणारे यांच्यामध्ये त्याचा तो निर्विकार चेहरा तेवढा उरतो.

उत्तरार्धात वधूवेशातील शेकडो स्त्रिया त्याच्या मागे लागतात, आणि डोंगरउतारावर दगड. या दगडांची जन्मकथा प्रसिद्ध आहे. पूर्वखेळाच्या वेळी पाठलागात दोनतीन दगड योगायोगाने त्याच्यामागे घरंगळत आले आणि लोक हसले. ते पाहून कीटनने परत जाऊन लहानमोठ्या असंख्य कृत्रिम दगडांसह तो प्रसंग नव्याने चित्रित केला. प्रेक्षक हसले म्हणून दगड वाढले. हास्य आणि इजा यांचा इतका उघड कार्यकारणभाव दुसऱ्या कोणत्याही कलेत सापडणे कठीण.

परंतु याच पटात हे आत्मभान कोठे थांबते, तेही स्पष्ट दिसते. समोरून जाणाऱ्या स्त्रीला मागणी घालायला नायक पुढे होतो, ती कृष्णवर्णीय आहे असे दिसताच मागे फिरतो, आणि एवढ्यावर विनोद संपतो. एका नोकराची भूमिका तोंडाला काळे फासलेल्या गोऱ्या नटाने केलेली आहे. वधूंचा तो जमाव म्हणजेही अविवाहित स्त्रीविषयीच्या भीतीचेच चित्र आहे. नायकाला हसणाऱ्यांना पट आरसा दाखवतो. त्या कृष्णवर्णीय स्त्रीला हसणाऱ्याला मात्र कोणताही आरसा दाखवत नाही. ‘तो काळच तसा होता’ हे उत्तर येथे अपुरे आहे, कारण हसणाऱ्याला जाब विचारण्याची युक्ती याच कलावंताला अवगत होती. ती त्याने सर्वांसाठी वापरली नाही. फजितीतून माणूस म्हणून वर येण्याचा मानही येथे काहींनाच मिळतो.

स्त्रीला हा मान फारच क्वचित मिळाला. मेबल नॉर्मंडने १९१४ मध्येच स्वतः दिग्दर्शन करून, स्वतः पडून-धडपडून दाखवले होते. पण पुढील दशकातील नायिका बहुधा प्रतीक्षेत उभी असते. किंग व्हिडॉरच्या ‘शो पीपल’मध्ये (१९२८) मात्र मॅरियन डेव्हिसने धसमुसळेपणाचे ओझे स्वतः उचलले. गंभीर नटी होण्याच्या स्वप्नाने हॉलिवूडला आलेल्या तिच्या नायिकेवर पहिल्याच चित्रीकरणात, कसलीही पूर्वसूचना न देता, सोड्याचा फवारा मारला जातो. सारे हसतात आणि ती रडते. विनोदाला हास्यविषयाची संमती लागते का, हा प्रश्न याहून सरळ विचारता येणार नाही. पुढे ती बडी तारका होते, नाव बदलते, जुन्या विनोदी नटाला ओळख दाखवत नाही. आणि तिच्या प्रतिष्ठित विवाहाच्या वेळी तोच नट पुन्हा सोड्याचा फवारा घेऊन येतो. तोच फवारा आता जवळिकीची खूण झाला आहे, असे पट सुचवतो. हे समाधान सर्वांना पटेल असे नाही. एकदा झालेला अपमान दुसऱ्यांदा प्रेम कसा होतो, हे व्हिडॉरने सिद्ध केलेले नाही, गृहीत धरले आहे. त्यापेक्षा ‘द जनरल’मधला (१९२६) एक निमिष अधिक खरा वाटतो: धावत्या इंजिनाच्या भट्टीत नायिका एवढीशी काटकी टाकते, कीटन वैतागून तिचा गळा धरतो, तिला गदागदा हलवतो आणि तत्क्षणी तिचे चुंबन घेतो. शब्द असते तर येथे क्षमायाचना लागली असती.

या साऱ्या पटांच्या दुर्मिळतेविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार १९१२ ते १९२९ या काळातील सुमारे अकरा हजार अमेरिकन मूक कथापटांपैकी अवघे १४ टक्के मूळ स्वरूपात उरले आहेत. नायट्रेटची फीत ज्वालाग्राही. लॉइडने जपून ठेवलेल्या पटांपैकीही कित्येक १९४३ च्या आगीत गेले. भारतीय मूकपटांची कथा तर याहून उदास आहे. तेराशेच्या आसपास पट निघाले आणि पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाची स्थापना (१९६४) होईपर्यंत त्यांतले बहुतेक नाहीसे झाले होते. यामुळे जे उरले त्याला अवशेषाचे तेज चढते, आणि या तेजाला सौंदर्य समजण्याची चूक सहज घडते. ‘गर्ल शाय’च्या सर्व प्रती उपलब्ध असत्या आणि तो रोज दाखवला जात असता तरी कचेरीतील त्या प्रसंगाची विरळता कमी झाली नसती. हसणाऱ्याला हसता हसता स्वतःकडे पाहायला लावण्याची ताकद बोलपट आल्यानंतर नष्ट झाली असे नाही, पण बोलपटातील प्रेमिक स्वतःची बाजू मांडू लागला. तो चतुर झाला. स्वतःच्या फजितीवर स्वतःच टिप्पणी करणाऱ्याला हसण्यात कसलीच जोखीम नसते.

चार्ली चॅप्लिनला हे उमगले असावे. ‘सिटी लाइट्स’ १९३१ च्या जानेवारीत प्रदर्शित झाला तेव्हा हॉलिवूड बोलू लागून तीन वर्षे उलटली होती. चॅप्लिनने संगीत स्वतः रचून ध्वनिपट्टीवर घेतले, पण माणसांना वाचा दिली नाही. आरंभीच्या पुतळ्याच्या समारंभात पुढाऱ्यांची भाषणे नुसत्या पिपाणीसारख्या किरकिरीने ऐकू येतात. श्रेयनामावलीत त्याने या पटाला मूकाभिनयातील विनोदी प्रेमकथा असे म्हटले आहे. फुले विकणाऱ्या अंध मुलीला मोटारीचे दार लागल्याचा आवाज येतो आणि समोरचा भणंग तिला धनिक वाटतो. मोड घ्यायला न थांबता तो धनिक मोटारीतून निघून गेला, असा तिचा समज होतो. तो समज मोडू नये म्हणून भटक्या पाऊल न वाजवता बाजूला जाऊन बसतो आणि तिच्याकडे भारल्यासारखा पाहत राहतो. ती भांडे विसळते आणि ते पाणी नेमके त्याच्या तोंडावर फेकते. शृंगार आणि त्याची अनुकृती यांमध्ये येथे एका ओंजळीचेही अंतर नाही. प्रेक्षक हसतो, कारण तो पाहू शकतो. ती हसत नाही, कारण ती पाहू शकत नाही. हसणे हा येथे डोळसांचा विशेषाधिकार आहे.

पटभर या विशेषाधिकाराची परीक्षा चालते. दारूच्या धुंदीत भटक्याला मित्र म्हणून कवटाळणारा लक्षाधीश शुद्धीवर आला की त्याला ओळखत नाही. अंध मुलगी त्याला मान देते, तोही चुकीच्या समजापोटी. नजर शाबूत असलेल्या कोणालाही तो माणूस म्हणून दिसत नाही. तिच्या डोळ्यांच्या उपचारासाठी तो रस्ते झाडतो, मुष्टियुद्धात मार खातो, शेवटी लक्षाधीशाने दिलेल्या पैशापायी चोर ठरून तुरुंगात जातो. औचित्याच्या कोणत्याही मोजपट्टीने त्याची रती अस्थानीच आहे. तिला समान भूमी नाही, खरे नावही नाही.

सुटून आल्यावर तो अधिकच फाटका झालेला आहे. वर्तमानपत्रे विकणारी पोरे त्याला सतावतात, विजारीतून डोकावणारी चिंधी ओढतात. रस्त्याकडेला आता त्या मुलीचे फुलांचे दुकान आहे. तिला दृष्टी आली आहे. आणि काचेच्या तावदानामागे बसून ती त्याची ही फजिती पाहते व हसते. काच, पलीकडे बिनआवाजाची चालणारी धडपड, अलीकडे सुरक्षित बसून हसणारी एक डोळस व्यक्ती: प्रेक्षागृहाची याहून नेमकी प्रतिमा चित्रपटाने क्वचितच निर्माण केली असेल. भटक्या तिला पाहून जागच्या जागी थिजतो तेव्हा हा भणंग आपल्यावर लुब्ध झाला, असा विनोदही ती करते. अभिनवगुप्ताच्या परिभाषेत तिला रतीचा आभास दिसला आणि तिचे हसू शास्त्रशुद्ध आहे. प्रेक्षकाची अवस्था मात्र बिकट होते. तासाभरापूर्वी तो याच जागी बसून याच माणसाला हसत होता. आता तिचे हसणे त्याला सहन होत नाही, आणि तरीही ते स्वतःचे नाही असे त्याला म्हणता येत नाही.

ती दयेने त्याला एक फूल आणि एक नाणे देऊ करते. तो पळू पाहतो. ती त्याचा हात धरून नाणे तळव्यावर ठेवते, आणि त्या स्पर्शासरशी तिची बोटे थांबतात. जी गोष्ट डोळ्यांना कळली नाही ती बोटांना जुनी ओळखीची आहे. मग दोनतीन अत्यंत त्रोटक पाट्या येतात. दिसू लागले का, असे तो विचारतो आणि ती होकार देते. अखेरच्या चौकटीत त्याचा चेहरा आहे: फूल धरलेला हात ओठांशी, बोट दातांशी, हसू आणि भय यांपैकी कोणते आधी मावळेल ते न कळणारे. तिचा चेहरा त्याआधीच्या चौकटीत दिसून गेला आहे आणि त्यावर आनंद आहे, की निराशा, की केवळ ऋणाची जाणीव, याविषयी समीक्षकांत एकमत नाही. तिने त्याला स्वीकारले की नाही हे चॅप्लिन सांगत नाही. रती उभयपक्षी झाली का, आणि म्हणून तो शृंगार होता की आभास, हे ज्या एका गोष्टीवरून ठरायचे, तेवढीच गोष्ट हातची राखून पट अंधारतो. नाणे परत घेतले गेल्याचेही दिसत नाही.